बोटीमागची धार

बोटीच्या इंजिनाच्या जाळीत गाळ साचतो, तसे आमच्या बचाव पथकात किस्से साचतात. गाळ निदान ब्रशने निघतो!

मी बोटींची इंजिनं शिकायला स्कॉटलंडला गेलो आणि तिथली नोकरी न धरता खालापुरात परत आलो. आपल्या तालुक्यात पाण्यात कुणी राहता कामा नये, जिवंत नाही आणि मेलेलंही नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पथकाकडे एक रबरी बोट आणि एकच इंजिन. पहिल्याच दिवशी मी जोशात लेक्चर दिलं. "खालच्या जाळीतून धरणाचं पाणी आत येतं. रबरी पात्यांचा पंप ते वर ढकलतो. ते तापलेल्या इंजिनातून फिरतं आणि मागच्या भोकातून कोमट धार होऊन बाहेर पडतं. धार थांबली की इंजिन जळालंच समजा!"

बोट चालवणारे इस्माईलचाचा म्हणाले, "म्हंजे मुततंय तवर जितंय. येवढ्यासाठी इमानानं गेलतास व्हय रं?"

*

चालवणाऱ्याची नजर पुढे असते. म्हणून मागे बसणाऱ्याने धारेवर लक्ष ठेवायचं आणि अधूनमधून ओरडायचं, "धार हाय!" ही आमची पद्धत.

मागची जागा हिरामणदादाची. त्याचा धाकटा भाऊ सदा याच धरणात मासे धरताना बुडाला. सापडलाच नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आई दिवस घालू देत नाही. दादा पथकात आला तो त्यासाठीच.

मी एकदा विचारलं, "दादा, तू धारेकडे बघतोस की पाण्याकडे?"

"येकच पानी हाय ते."

*

एकदा धार बारीक झाली. काठाला येऊन जाळी काढली, तर आत लांबलचक केस गुंतलेले. मी लगेच शास्त्रीय खुलासा केला, "म्हशीच्या शेपटीचे असतील."

चाचांनी एक केस उन्हात धरून पाहिला. हातभर लांब. "तुमच्या स्कॉटलंडात म्हशी येनी घालतात काय रं?"

*

गढूळ पाण्यात फिरल्यावर इंजिन आतून धुवावं लागतं. दहिवलीच्या शेडमध्ये आम्ही प्लास्टिकच्या पिंपात नळाचं पाणी भरतो, इंजिनाचा खालचा भाग त्यात बुडवतो आणि थोडा वेळ चालवतो. असंच एकदा धुऊन पिंप ओतलं, तर तळाशी एक मासा. जिवंत! पंपातून मासा जिवंत निघूच शकत नाही. मी पंप उघडला, जोडला, पुन्हा उघडला.

"पुरे झालं," चाचा म्हणाले. "त्याला आदी पान्यात सोड."

*

दादाला ताप आला तेव्हा मागे मी बसलो. मोबाइलवर व्हिडिओ काढण्याच्या नादात ओरडायचं विसरलो. तेवढ्यात माझ्या पाठीमागून स्पष्ट आवाज आला, "धार हाय!"

माझ्या पाठीमागे फक्त पाणी होतं.

चाचांनी वळून पाहिलं नाही. "तू वरडलास?"

"नाही."

"मग गप बस. धार हाय ना?"

*

श्रावणातली दुपार, पाण्यावर धुकं. सरावाला निघालो होतो. धरणाच्या मध्यावर दादा ओरडला, "धार गेली!"

इंजिन उचलून पाहिलं. जाळी स्वच्छ. वल्ही मारत थोडं पुढे गेलो, चालू केलं, धार सुरू. मागे त्याच जागी आलो, धार पुन्हा बंद, इंजिन मात्र चालूच. इंजिन तापलं असेल म्हणून झाकणावर हात ठेवला. बर्फासारखं गार!

"चाचा, बंद करा," दादा म्हणाला.

चाचांनी इंजिन बंद करायची लाल दोरी खेचली. इंजिन थांबलं, पंप थांबला. सगळीकडे शांत.

आणि धार सुरू झाली.

बंद इंजिनातून, चांगली मनगटाएवढी. चाचा ओठांतल्या ओठांत दुआ म्हणू लागले. मी लाल दोरी पाहिली, ती सुटलेलीच होती. दादाने धारेखाली ओंजळ धरली, बराच वेळ धरली. मग पाण्याकडे वाकून हळूच म्हणाला, "चल रं सदा. आय वाट बगतीय."

त्याने बुडालेल्यांना शोधायचा लोखंडी गळ खाली सोडला. दोर सरकत गेला, सरकत गेला, आणि एकदम ताणला.

त्याच क्षणी धार थांबली.