उजव्या चाकाची पिन

एकाहत्तरच्या हिवाळ्यात आमची स्क्वाड्रन पंजाबात, सीमेजवळच्या एका धावपट्टीवर होती. मी कॉर्पोरल शिंदे, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि चाकं बघणारा, गाव मिरजगाव. माझ्या हाताखाली एलएसी, म्हणजे माझ्याखालच्या हुद्द्याचा, सुदाम साळवे, कोल्हारचा. एकाच जिल्ह्यातले म्हणून आम्हाला एकाच नॅट लढाऊ विमानावर लावलं होतं. काम संपलं की मी पाने-पक्कड दोनदा मोजून पेटीत ठेवायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. वयाने तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण हात माझ्यापेक्षा चांगला.

लढाईनंतर तेवीस वर्षांनी, चौऱ्याण्णव साली, सुदामचे वडील गेणूबाबा एसटीने मिरजगावला आले. मी तोवर सार्जंट होऊन, पेन्शन घेऊन घरी बसलो होतो. कोल्हारच्या पोरांनी विहारासमोर सुदामचं छोटं स्मारक बांधायला घेतलं होतं. तिथे काचेच्या पेटीत त्याचं विमान ठेवायचं, आणि ते मी करून द्यायचं, एवढंच त्यांचं मागणं. मी हो म्हणालो. चहा पिऊन ते उठले आणि दारात थांबले.

"सुदाम भिऊन खंदकातून पळाला, आसं गावात म्हनत्यात," ते म्हणाले. "तुमी तिथंच हुता. पळाला का त्यो?"

विमान घेऊन येतो तेव्हा बोलू, असं म्हणून मी वेळ मारून नेली. ते स्टँडकडे गेले.

चोवीसास एक असं माप धरलं. म्हणजे विमान सव्वा फुटाचं झालं. अंगाला शेवरीचं लाकूड, पंखांना तेलाच्या डब्याचा पत्रा, चाकांच्या दांड्यांना सायकलच्या तारा. जुन्या घड्याळाचं दातेरी चाक पत्र्यावर दाबून फिरवलं की रिवेटची सरळ रांग उमटते. लाकडाचा साचा करून त्यावर प्लास्टिक गरम करून ओढलं आणि कॉकपिटचं झाकण केलं. ते जमेपर्यंत अकरा झाकणं फुटली. नकाशा नव्हता, पण लागला नाही. ज्या पॅनेलखाली बोटं सोलली ते माणूस विसरत नाही. बायको म्हणायची, लढाई कधीच संपली, ह्यांची ड्युटी काही संपत न्हाई. तिचं खरं होतं.

तीन महिन्यांत सगळं झालं, फक्त उजवं चाक राहिलं. ते मी आठ दिवस हातात घेतलं नाही.

नॅट जमिनीवर उभं असताना चाकं चुकून मिटू नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉकिंग पिन लावतात. तिला लाल फीत असते. उड्डाणाआधी फिटरने तिन्ही पिना काढायच्या आणि हात वर करून पायलटला दाखवायच्या. त्याने अंगठा दाखवला की झालं. पिन राहिली तर चाक वर जात नाही, आणि लोंबत्या चाकाने लढाईत गेलेलं विमान बहुतेक परत येत नाही.

त्या दिवशी सकाळी सात दहाला स्क्रॅम्बलची, म्हणजे ताबडतोब उड्डाणाची ऑर्डर आली. पाठोपाठ हल्ल्याचा भोंगा. मी पुढची पिन काढली, डावी काढली, फितींचा झुपका मुठीत धरून हात वर केला. पायलटलाही घाई होती. त्याने अंगठा दाखवला. दोनदा मोजणाऱ्या मास्तरने त्या दिवशी एकदाही मोजलं नाही. मी खंदकात उडी मारली. सुदाम आधीच आत होता.

"मास्तर, उजवीकडची ऱ्हायली."

मलाही ती फीत दिसली. काम माझं होतं. माझे पाय हलले नाहीत.

सुदाम बाहेर पडला. पन्नास पावलं पळाला, पिन ओढली, वर करून दाखवली, पण पायलटची नजर पुढे धावपट्टीवर होती. विमान हललं. तो परत फिरला तेव्हा शत्रूचं विमान धावपट्टीवर खाली आलं होतं. खंदक वीस पावलांवर असताना त्याला कॅननचा गोळा लागला. सात वीसला तो गेला. आमचा पायलट आठ वाजता सुखरूप उतरला.

सुदामच्या मुठीतली पिन मी काढून घेतली, पुसली आणि पेटीत जागच्या जागी ठेवली. चौकशीत मला दोन प्रश्न विचारले.

"सगळ्या पिना काढल्या होत्या?"

"होय, सर."

"साळवे खंदकाबाहेर का होता?"

"माहीत नाही, सर."

माझं ते "माहीत नाही" रजेवर गेलेल्या कुणाबरोबर तरी कोल्हारला पोचलं आणि तिथे त्याचं "पळाला" झालं. मी मिठाची गुळणी धरून बसलो. नोकरी राहिली, सार्जंट झालो. मला स्वतःची लाज वाटत होती आणि त्या लाजेची सवयही झाली होती.

विमान घेऊन मी कोल्हारला गेलो. उजव्या चाकाला पिन लावलेली होती, लाल दोऱ्याची फीत लावून. गेणूबाबांनी ती कसली म्हणून विचारलं. मी उभा राहूनच सगळं सांगितलं, पेटीत ठेवलेल्या पिनेसकट. ते विमानाकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"तेवीस वर्सं, शिंदे," ते म्हणाले. "एक कारड पुरलं आसतं."

मी माफी मागितली. त्यांनी दिली नाही आणि ते बरोबरच होतं. हेच समद्यांसमोर सांगाल का, एवढं त्यांनी विचारलं. संध्याकाळी विहारासमोर गाव जमलं तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

निघताना गेणूबाबांनी मला घरात बोलावलं. ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुदामचा युनिफॉर्ममधला फोटो काढला. तो आजवर त्यांनी भिंतीला लावला नव्हता. त्यांनी माझ्या हातात खिळा आणि हातोडी दिली आणि जागा दाखवली. मी खिळा ठोकला. फोटो त्यांनी स्वतः टांगला, बाहीने काच पुसली आणि शेजाऱ्यांना आत बोलावलं.