गुणवंत वैद्य आणि जबाबदारीचा कागद

गुणवंत रामटेकेकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते त्याच्या दवाखान्याच्या बाकावर बसून. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या गावात, नेपियर टाउनमध्ये, एका कोचिंग क्लासच्या खाली त्याची खोली आहे. वर पोरं घोकत असायची आणि खाली गुणवंत विचारत असायचा. माझा खोकला हटत नव्हता म्हणून मी गेले होते. माझ्या आधी शहपुऱ्याचा एक शेतकरी होता, पोटदुखीचा. त्याला गुणवंतनं किती विचारावं? सकाळी काय खाता, तंबाखू कधीपासून, पाणी विहिरीचं की नळाचं, दुसऱ्या कुणाचं औषध चालू आहे का, घरातल्या कुणाची गोळी उचलून खाता का. शेवटी तो माणूस वैतागला. "भैया, दवा देनी है कि रिश्ता करना है?"

बाकावरचे सगळे हसले. गुणवंतही हसला, चष्मा पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. उत्तर मिळेपर्यंत न हलणारी मुलं मला ओळखू येतात. हा त्यातला होता. त्याचे वडील भंडाऱ्याकडून इथं कारखान्यात कामाला आले, त्यांनी मुलाला आयुर्वेदाची पदवी घेऊ दिली. गुणवंत चूर्णं विकत आणत नसे. घरी कुटायचा, आणि त्याची बायको लता ती धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून चाळायची. मला तो पहिल्या दिवसापासून "मॅडम" म्हणतो. मी त्याची शिक्षिका नव्हते, पण या गावात एकदा मॅडम झालेली बाई सगळ्यांचीच मॅडम असते.

मग तो कागद आला. लताचा भाऊ दिवाकर कोर्टात वकिली करतो. दुसऱ्या कुठल्या तरी गावात एका वैद्यावर पेशंटनं केस केली, असं त्यानं ऐकलं आणि बहिणीच्या काळजीनं एक मजकूर छापून आणला. हिंदीत होता. ही औषधी मी स्वतःच्या जबाबदारीवर घेत आहे, काही बरं-वाईट झालं तर वैद्यजींना जबाबदार धरणार नाही, खाली सही किंवा अंगठा. बाहेर नंबर देणारी शकु आधी सही घ्यायची, मगच आत सोडायची.

गुणवंतला कागद आवडला नव्हता. पण तो भित्रा नसला तरी घरात दोन शिकती मुलं होती, आणि अशा वेळी भीती वाटणं काही वाईट नाही. त्यानं हो म्हटलं. आणि हळूहळू एक बदल झाला तो मला बाकावरून दिसला. तो विचारायला लागला की लोक म्हणायचे, "बाहर साइन कर दिया न, वैद्यजी." जणू सगळी उत्तरं तिथंच देऊन झाली. बाहेर गर्दी वाढलेली असायची. तो एखादा प्रश्न सोडून द्यायचा, मग दोन. रांग भरभर सरकू लागली. लोक खूश होते.

त्या रांगेत एक दिवस कुसुमबाई होत्या. कुसुमबाई बागडे आमच्या शाळेत आयाचं काम करायच्या आणि निवृत्तीनंतर आमच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेलं. त्यासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. पण त्या गुणवंतकडे गेल्या गुडघ्यांसाठी, आणि गोळीचं नाव काढलं नाही. आमच्या इकडे ही एक रीत आहे. वैद्याच्या दारात डॉक्टरची गोळी काढायची नाही आणि डॉक्टरसमोर वैद्याची पुडी. दोघांनाही वाईट वाटू नये म्हणून.

गुणवंतनं त्यांना गुग्गुळ, हळद, सुंठ, लसूण असलेलं चूर्ण दिलं. गुडघे खरंच हलके झाले. थोड्याच दिवसांत दंडावर काळे-निळे डाग उठले, मग एका सकाळी नाकातून रक्त थांबेना. मुलगा टिकाराम त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. रक्त नको इतकं पातळ झालं होतं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, उपाय केले, नाक थांबलं. आणि दोन दिवसांनी पुन्हा सुरू झालं. आता अडचण अशी की झडपेमुळे गोळी फार दिवस बंदही ठेवता येत नव्हती. नागपूरला हलवायची भाषा सुरू झाली. टिकाराम नुसता व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता.

मी भेटायला गेले तेव्हा तरुण डॉक्टरीणबाई खाटेजवळ उभ्या होत्या. "अम्मा, सच-सच बताओ, और कुछ ले रही हो? कोई जड़ी-बूटी, कोई चूरन?"

"नहीं बेटा."

डॉक्टरीणबाई गेल्या. कुसुमबाईंनी मला जवळ बोलावलं. "मास्तरीणबाई, थर्मासमधलं कोमट पाणी द्या थोडं." आणि उशीच्या खोळीतल्या पुड्यांपैकी एक काढली.

मी त्यांच्या हातातून ती घेतली. "हे काय आहे?"

"गुणवंताचं चूर्ण. पुरं करा लागते न."

"अहो, आत्ता त्या विचारत होत्या. तुम्ही नाही म्हणालात."

"मंग काय सांगू? सही केली आहे मी. काही झालं तर त्याचं नाव घेणार नाही म्हणून." मग मलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "सही म्हणजे शब्द. तुमीच शिकवलं न मले, शाळा सुटल्यावर, फळ्यावर."

मी शिकवलं होतं खरं. अंगठ्यावरून सहीवर आल्याचा त्यांना किती आनंद झाला होता, तेही आठवत होतं. मी म्हटलं, डॉक्टरला सांगते. तर त्यांनी माझा हात धरला. "तुमी सांगसान तर मी नाही म्हणीन. खोटं पाडीन तुमाले. तो बिचारा लेकराबाळाचा माणूस."

त्यांना मी चांगली ओळखते. म्हणतील ते करतील. मी पुडी पर्समध्ये टाकली, ऑटो केली आणि नेपियर टाउनला गेले.

दिवाकर तिथंच बसलेला होता, कोर्ट लवकर सुटलं होतं. मी सगळं सांगितलं. रक्ताची गोळी म्हटल्याबरोबर गुणवंतचा चेहरा उतरला; त्याच्या चूर्णातले जिन्नसही रक्त पातळच करतात. त्यानं समोरच्या पेशंटला हात जोडून बाहेर बसायला सांगितलं आणि चपला शोधू लागला.

"भाऊजी, थांबा," दिवाकर म्हणाला. "त्यांनी लिहून दिलं आहे. तुम्ही स्वतः जाऊन कबूल केलं तर त्या कागदाला काय अर्थ उरला? मॅडम सांगतील न डॉक्टरला."

"मॅडमला काय माहीत त्यात काय काय आहे, किती आहे?"

"फोनवर सांगा. नाव नका सांगू."

"दिवाकर, कागद माझ्याजवळ आहे. पुड्या तिच्याजवळ आहेत. आणि ती खाऊन राहिली." चपला पायात सरकवत, "तू भल्यासाठीच केलं. चल, बाजूला हो, स्कूटर काढू दे."

मी मागे बसले.

वॉर्डात डॉक्टरीणबाई आणि टिकाराम दोघंही होते. गुणवंत सरळ डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला. "मैडम, अम्मा को घुटनों का चूर्ण मैंने दिया है. ये अभी तक ले रही हैं."

"अच्छा. तो आप हैं."

"जी. मैं ही हूँ. मैंने पूछा नहीं कि और क्या चल रहा है. पूछना चाहिए था."

टिकारामनं त्याची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली. "केस कर सकता हूँ मैं तुम पर, मालूम है?"

"कर ना," कुसुमबाई खाटेवरून म्हणाल्या. "मी सांगतलं नाही गोळीचं त्याले. तो काय ज्योतिषी आहे?" मग गुणवंतकडे वळून रागावल्या. "आन तू काहून आला? मी तर कोनालेच नाही सांगतलं."

"म्हणूनच आलो, मावशी."

"मंग माझ्या सहीचं काय?"

गुणवंत त्यांच्या खाटेवर बसला. "तो कागद मी मागे घेतला. तुम्ही मोकळ्या. आता डॉक्टरबाई जे विचारतील ते सगळं सांगायचं."

"मास्तरीणबाई, ऐकलं न तुमी?"

मी ऐकलं, म्हणून सांगितलं. साक्षीदार मिळाल्यावरच त्यांनी खोळीतल्या उरलेल्या पुड्या काढून दिल्या. गुणवंतनं चूर्णातला एकेक पदार्थ आणि त्याचं प्रमाण सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. "अब समझ में आया," त्या म्हणाल्या. "पहले दिन पता चल जाता तो इतना परेशान न होते." आवाजात राग होता, पण जाताना त्यांनी गुणवंतचा फोन नंबर मागून घेतला.

पुढे सगळं सोपं होत गेलं. चूर्ण थांबलं, नाक पुन्हा फुटलं नाही, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा रोज थोडा थोडा खाली आला. गोळी कमी प्रमाणात पुन्हा सुरू झाली आणि नागपूरचं नाव कुणी काढलं नाही. आकडा ठीक असल्याचं कळलं त्या सकाळी टिकारामनं दवाखान्यासमोरच्या टपरीवरून पोहे-जिलेबी आणली आणि पानाचा पहिला दोना गुणवंतसमोर धरला. गुणवंत तेव्हा रोज सकाळी येऊन खाली उभा राहायचा. त्यानं जिलेबी खाल्ली, अजून एक खाल्ली, आणि लताला फोन लावून म्हणाला, "आज स्वयंपाक कर बरं का, भूक लागली." इतके दिवस तो नीट जेवलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

छापील कागद बंद झाला. दिवाकर महिनाभर तोंड फुगवून होता. मग स्वतःच म्हणाला, "काही तरी लिहून तर घ्या," तेव्हा गुणवंतनं उलटं केलं. आता तोच पेशंटला लिहून देतो: पुडीत काय आहे, किती दिवस घ्यायचं, काय झालं तर लगेच थांबवायचं, आणि खाली स्वतःचं नाव, सही, फोन नंबर. हा कागद कुठल्याही डॉक्टरला दाखवा, असं शकु प्रत्येकाला बजावते. आत गेल्यावर आधी पिशवी टेबलावर रिकामी करायची, घरातल्या सगळ्या गोळ्यांसकट. काही जण वैतागतात, काही दुसऱ्या वैद्याकडे निघून जातात.

कुसुमबाईंचे गुडघे पुन्हा दुखतात. काठी घेऊन चालतात, पण चालतात. डॉक्टरांसमोर त्या आता काहीच लपवत नाहीत. परवा डॉक्टरीणबाईंना त्यांनी सुनेनं भाजीत घातलेल्या लसणाचाही हिशेब दिला.

गुणवंतचे केस पिकले आहेत. मुलगी नागपूरला शिकते. सकाळचा दवाखाना दुपारी एकला बंद व्हायला हवा, तो तीनच्या आत बंद होत नाही, आणि लता त्याचा डबा तिथंच पाठवते.