येळवशीची आंबील आणि डोळ्यानं मोजलेला वेग

साहेबानं माझ्या हातची आंबील प्यायली, गिलास खाली ठेवला आणि मग माझ्या पोरावर केस लिहिली. मिशीला लागलेलं ताकसुद्धा त्यानं पुसलं नव्हतं. असल्या किळसवाण्या माणसाला मी थोडाच वेळ बघितलं, पण तेवढं पुरलं.

वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी घरी कोणी जेवत नाही, सगळे शेतात. ज्वारीचं पीठ ताकात कालवून केलेली आंबील, भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. ज्याला शेत नाही त्याला बोलवायचं, रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून आणायचं. असं मी लहानपणापासून बघत आले, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

शेतातलं जेवण झालं. लेक हुलसूरला दिलेली, तिला येता आलं नव्हतं. तिच्यासाठी आंबिलीचं मडकं मांडीवर, भज्जीचा डबा अन् गिलास पायाशी घेऊन मी जीपमध्ये बसले, पोरगा चालवत होता. रस्ता असा फुटलेला की मडकं सांभाळायला दोन्ही हात लागत होते. मी त्याला वाटेत सारखी म्हणत होते, "हळू रे, सांडंल."

वळणापुढं पोलीस साहेबानं हात केला. लांबच्या कन्नड जिल्ह्यातून बदलून आलेला, मराठी न समजणारा. त्याचा हवालदार आमच्याकडचाच, पण तो रस्त्याकडं पाठ करून बाभळीखाली उभा होता. कशाला उभा होता ते सांगायची गरज नाही. जीप थांबली तेव्हा तो पँट सावरत आला.

मला वाटलं, उन्हाचे उभे आहेत, सणाचा दिवस. कामून थांबवलं हे विचारायच्या आधीच मी गिलास भरले. साहेबानं एक घेतला. हवालदारानं दोन घेतले आणि वर विचारलं, "अक्का, भज्जी न्हाई का आणली?"

भज्जीही दिली. मग साहेब कन्नडात म्हणाला, "ऐंशीनं आलात."

पोरगा म्हणाला, "साहेब, यंत्र कुठंय?"

"माझे डोळे आहेत."

पोरगा शाळेची गाडी चालवतो. वेगाची केस लागली की शाळा ड्रायव्हरला काढून टाकते, त्याच्याआधीच्याला तसंच काढलं होतं. म्हणून दंड भरून मोकळं व्हायची सोय नव्हती. भरला म्हणजे कबूल केलं. आम्ही कोर्टात गेलो.

वकिलानं समजावलं, की एकट्याच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा होत नाही, यंत्र नसेल तर दुसरा बघणारा लागतो. साहेबानं दुसरा म्हणून हवालदाराला घातलं होतं. म्हणजे माझ्या पोराची नोकरी एका पाठमोऱ्या माणसाच्या हातात. मी वकिलाला म्हटलं, "त्यानं बाभळ बघितली, जीप कुठं बघितली?" वकील म्हणाला, "आई, ते त्याच्या तोंडून यायला पायजे."

तारखेला साहेब उभा राहिला आणि अशी गोष्ट सांगितली की माझे कान तापले. म्हणे, गाडी थांबताच या बाईनं घाईघाईनं खायला-प्यायला काढलं. चूक नव्हती तर एवढी खुशामत कशाला?

न्यायाधीश बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं मला विचारलं, "का दिलं?"

मी कन्नडातच सांगितलं, "येळवस होती."

"म्हणून पोलिसांना?"

"रस्त्यात जो दिसंल त्याला देतो, बाई. त्या दिवशी कुत्र्यालाबी घालतो."

मागं लोक हसले. साहेब लाल झाला. मी हसवायला बोलले नव्हते, पण लाल झालेला बघून बरं वाटलं. मी पुढं म्हटलं, "ह्यांना इथली रीत ठाऊक नसंल. त्यांच्या हवालदाराला विचारा, त्याची आईबी करती."

हवालदार पिंजऱ्यात आला. मी त्याच्याकडं सरळ बघत होते, तो पंख्याकडं. रीत आहे का, विचारल्यावर "आहे" इतकंच म्हणाला. गाडी किती वेगानं आली, विचारल्यावर साहेबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, टोपी या हातातून त्या हातात केली.

"जोरात असंल, बाईसाहेब."

"असेल? तुम्ही बघितली का?"

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली.

"मी आलो तवा गाडी थांबलेली होती," तो म्हणाला.

केस तिथंच संपली. साहेब कोणाकडं न बघता निघून गेला.

बाहेर चहाच्या टपरीवर हवालदार आमच्या मागं आला. दात काढून म्हणाला, "काय अक्का, तुमच्या आंबिलीला जागलो की न्हाई?"

मला वाटलं होतं, त्यानं खरं सांगितलं. ह्यानं तर दोन गिलासांची परतफेड केली होती. आंबील पाजली नसती तर हाच माणूस पंख्याकडं बघत "ऐंशी" म्हणाला असता. आत साहेब माझ्या आंबिलीला खुशामत म्हणाला तेव्हा मी त्याला कुत्र्यात बसवलं, आणि बाहेर हा तीच गोष्ट हसत-हसत सांगायलाय.

"मी तुला खरं बोलायसाठी पाजली नव्हती," मी म्हटलं.

"ते ठीक हाय, पण काम झालं ना? पुढच्या येळवशीला बोलवा."

"बोलवायला कशाला पायजे? ये की. मी आत सांगितलंच, त्या दिवशी कोणाकोणाला घालतो ते."

त्याला ते समजलं की नाही, कोण जाणे. तो मोठ्यानं हसला. माझ्या पोरानं त्याच्यासाठी चहा सांगितला, मलईचा. मी माझा कप तसाच ठेवला आणि बसस्टँडकडं चालायला लागले.