बत्तीस चिंचोक्यांचा झरा

ईशान आणि मुक्ता,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवून मुक्ता म्हणाली, "आजी, चहा सांडलेला तो कागद फ्रेम करून का लावलायस?" तेव्हा मी "मग सांगते" म्हणून वेळ मारून नेली. आता सांगते, कारण तो कागद ज्यांचा होता त्या वाघमारेबाई गेल्या महिन्यात गेल्या, आणि हे सगळं माहीत असलेलं या घरात आता माझ्याखेरीज कुणी नाही. तो चहा नाही, जुनेपणाचा रंग आहे. कागदही साधा नाही. कापडावर चिकटवलेला, इंग्रजांच्या काळातला डोंगराचा नकाशा आहे. एक इंच म्हणजे एक मैल. बार्शीच्या पुढे बालाघाटाचे जे डोंगर लागतात, त्यांतला एक तुकडा त्यावर आहे. सह्याद्री पाहिलेले लोक आमच्या या डोंगरांना हसतात. हसू देत.

सोलापुरात मुलींच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचे आणि वाघमारेबाई भूगोल. त्या शाळेत रुजू झाल्या तो दिवस मला आठवतो. पांढरं पातळ, कमरेला खोचलेली जुनी खाकी चंची, आणि फाटकापासून स्टाफरूमपर्यंत ओठ पुटपुटत चालणं. पान-सुपारीची असते तशी दोन कप्प्यांची ती पिशवी होती. मी मनात म्हटलं, बाई फार धार्मिक दिसतात.

"जप करता का?" मी विचारलं.

"जप कसला हो? पावलं मोजते. फाटक ते ही खुर्ची, एकशे ऐंशी. तुमच्या शाळेचं पटांगण शाळेच्या माहितीपत्रकात लिहिलंय त्याहून लहान आहे, हिरेमठबाई."

दर शंभर पावलांना त्या चंचीच्या उजव्या कप्प्यातला एक चिंचोका डाव्या कप्प्यात टाकत. चिंचोके मोजले की अंतर कळे. त्यांचा मैल चोवीस चिंचोक्यांचा होता. "आणि आमच्या बाचा एकवीसचा," त्या अभिमानाने सांगत. "लांब ढांगा होत्या त्याच्या."

वर्गात त्यांची भाषा पाठ्यपुस्तकासारखी शुद्ध असे. राग आला किंवा वडिलांची आठवण निघाली की मात्र त्या सरळ गावाकडच्या बोलीवर येत. मुली त्यांना टरकून असत. एकदा एका मुलीने नकाशात नदी डोंगरावर चढवली. बाईंनी तिला फळ्याजवळ उभं केलं, तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "जिन्यावर ओत. वर चढतं का बघ. चढलं तर मी भूगोल सोडते." सगळा वर्ग जिन्यावर लोटला. हेडबाई ओरडल्या, बाई मात्र मोठ्याने हसत जिना पुसायला स्वतः खाली बसल्या. "पायाखाली गेलं नाही ते वहीत जायचं नाही," हे त्यांचं वाक्य. ते मुलींना इतकं पाठ झालं होतं की इंग्रजीच्या तासालाही मला ऐकवायच्या.

नकाशा त्यांना रद्दीच्या दुकानात मिळाला. दुकानदार असल्या नकाशांची वह्यांना कव्हरं करून विकत होता; हा एकच अख्खा राहिला होता. दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या टेबलावर तो पसरून त्यांनी मला जवळ बोलावलं. खालच्या कोपऱ्यात पाहणी करणाऱ्या साहेबांची नावं बारीक अक्षरांत छापलेली होती.

"वाचा, हिरेमठबाई. तुमचं इंग्रजी चांगलं आहे. यात तुकाराम वाघमारे कुठं दिसतो का?"

मी वाचलं. नव्हता.

"न्हायच दिसायचा. माझा बा या पाहणीत खलाशी होता. साखळी ओढायची, झेंड्याची काठी घेऊन डोंगर चढायचा, साहेब हात करील तितं उभं ऱ्हायचं. नाव साहेबाचं हाय. पाय आमच्या बाचे हायत."

तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी त्या नकाशावरचे डोंगर हिंडू लागलो. तुमचे आजोबा म्हणायचे, "लोक काशीला जातात, तुम्ही माळावर जाता." एसटीने बार्शी, तिथून मिळेल त्या गाडीने पायथा, आणि मग चिंचोके. नकाशावरची वाट बाई दोऱ्याने मोजत, मग पायाने. मी वही घेऊन मागे. पडलेली धर्मशाळा सापडली, टोकावरचा पाहणीचा खुणेचा दगड सापडला, एक वड नकाशात होता तिथे फक्त खळगा सापडला. वडाचं त्यांना वाईट वाटलं. पण मूळ नकाशावर त्यांनी कधी पेन्सिल टेकवली नाही. वर पातळ कागद ठेवून त्यावर खुणा करायच्या.

एका जागी जायचं मात्र त्या टाळत होत्या. घोडकडा नावाच्या डोंगरापलीकडे नकाशात एक झरा दाखवला आहे, खालच्या वाडीच्या देवळापासून तिथवर तुटक रेघेची पायवाट. "ते शेवटी," त्या म्हणायच्या. निवृत्त होऊन तेरा-चौदा वर्षं झाल्यावर एकदा स्वतःच म्हणाल्या, "चला, आता झरा."

देवळाजवळ विहीर होती. मी बाटली भरून घेतली आणि त्यांच्यापुढे धरली. "नको," त्या म्हणाल्या, "मी झऱ्याचं पिणार." मला वाटलं, तऱ्हेवाईकपणा. पण दोनशे पावलांवरच वाट संपली. आडवी काटेरी तार, आत खडी फोडण्याचं यंत्र, सगळीकडे पांढरी धूळ. राखणदाराने आम्हाला हुसकलं. शेळ्या घेऊन बसलेली गजराबाई नावाची वाडीतली म्हातारी म्हणाली, "दोन वरीस झाली तार घालून. झऱ्यावर दगूड टाकल्याती. उन्हाळ्यात बी आटत न्हवता ओ त्यो. आता आमी टँकरची वाट बगत बसतोय."

परतीच्या एसटीत बाईंनी मला ते सांगितलं, खिडकीबाहेर बघत. पाहणीचा तंबू त्या देवळाजवळ महिनाभर होता. विहीर दहा हातांवर. पण त्यांच्या वडिलांना त्या विहिरीला हात लावायची परवानगी नव्हती. दिवसभर डोंगर चढून आल्यावर स्वतःच्या पिण्याच्या पाण्यासाठी ते झऱ्यावर जात. "बत्तीस चिंचोके जाताना, बत्तीस येताना. मरेपर्यंत सांगायचा, बत्तीस. त्या झऱ्यावर त्याला कुणी अडवलं न्हाय, हिरेमठबाई. आणि आता तितं तार?"

माझ्या मांडीवर विहिरीच्या पाण्याची बाटली होती. मी ती पिशवीत घातली.

पुढचे पाच महिने बाईंनी कचेरीचा उंबरा झिजवला. वाडीच्या बायकांचे अंगठे घेतले, अर्ज लिहिले, इंग्रजीतला एक मी लिहिला. खाणीच्या मालकाचं म्हणणं सोपं होतं: गावनकाशात वाट नाही, झरा तर नाहीच, आणि हे लोक उद्या कुठल्याही ओल्या दगडाकडे बोट दाखवतील. शेवटी नायब तहसीलदार जागेवर येऊन बघायला तयार झाले. तरुण होते, घाईत होते, पण ऐकून घेणारे होते.

त्या सकाळी देवळापुढे वाडीतली चाळीसेक माणसं जमली. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, "कुणी बोट दाखवायचं नाही. एकानंही नाही. कागद आणि पाय, बास."

"आगं पर आमाला ठावं हाय की जागा!" गजराबाई म्हणाली.

"तुमाला ठावं हाय हेच त्यांना नको हाय, मावशे. तोंड मिटून चला."

मग त्यांनी मला वहीत नेहमीप्रमाणे पहिलं पान लिहायला लावलं, आणि त्याखाली नायब तहसीलदार साहेबांची सही घेतली: बाचा मैल एकवीस, माझा चोवीस. बाचा आकडा, देऊळ ते झरा, बत्तीस. तार उघडली गेली आणि त्या निघाल्या. बहात्तर वर्षांची बाई, मान ताठ, ओठ हलताहेत. धुळीतून, वेड्या बाभळीच्या काट्यांतून, नकाशावरच्या वळणाबरोबर वळत. माणसं मागे गप्प. बत्तिसावा चिंचोका डाव्या कप्प्यात पडला आणि त्या थांबल्या.

तिथे काही नव्हतं. कोरडा कातळ. ओल नाही, गवत नाही.

मालक हसला. "बाई, तुमचं वय बघून मी बोलत नव्हतो. आता घरी जाऊन आराम करा."

बाईंचा चेहरा मी कधीच तसा पाहिला नव्हता. गजराबाईने पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि तिचे डोळे पुढे कुठेतरी लागले होते; बाई मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हत्या. मला शिस्तीचं वेड, हे तुमची आई तुम्हाला सांगतच असेल. काही सुचत नसलं की मी वही पहिल्या पानापासून वाचते. तशी वाचली. आणि ते पान बाईंसमोर धरलं.

त्यांनी वाचलं. मग मोठ्याने हसल्या, अगदी जिन्यावरच्या त्या दिवसासारख्या.

"चूक झाली!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "नकाशाची न्हाय, माझी. आकडा बाचा आणि पाय माझे! तीस वर्षं पोरींना शिकवलं, आणि आज बाच्या मागनं लहान पोरीसारखी चालत आले."

"आता बाई आकडा वाढवणार," मालक म्हणाला.

"मी न्हाय वाढवत. मी बसते." आणि त्या खरंच त्या कातळावर बसल्या. वही साहेबांच्या हातात दिली. "हे पान देवळापाशी लिहिलंय, खाली तुमचीच सही आहे. एकवीसचे बत्तीस, तर चोवीसचे किती? सातवीचं गणित आहे. हा दोरा, हा नकाशा. वाटही मोजा. दोन्ही जुळलं तर सांगा. नाही जुळलं तर मी तुमच्यासमोर अर्ज फाडते."

साहेबांनी दगडावर नकाशा पसरला, दोरा लावला, मोबाईलवर हिशोब केला. दोनदा केला. "छत्तीस चिंचोके आणि वर सत्तावन्न पावलं," ते म्हणाले. "दोराही तेच सांगतो. म्हणजे अजून चार चिंचोके, सत्तावन्न पावलं."

"मोजा तुम्हीच, पण पावलं माझी. माझ्या शेजारून चाला," बाई उठत म्हणाल्या.

चार चिंचोके त्यांनी साहेबांच्या तळहातावर ठेवले. दर शंभराला ते एक परत देत होते. शेवटची सत्तावन्न पावलं ते स्वतः मोठ्याने मोजत होते, आणि मागची माणसंही मोजू लागली. सत्तावन्नला समोर फोडलेल्या दगडांचा ढीग होता, पुरुषभर उंच. त्याच्या खालच्या कडेला बोटभर रुंद, काळी ओल होती. आणि त्या ओलीत हिरवं शेवाळ.

गजराबाईने तोंडातला पदर काढला. "बोलू का आता?"

"बोला की."

"मग आदी ह्यो ढीग उचला म्हनावं, मुडद्यानो!"

ढीग उचलायला दीड दिवस लागला. वाडीच्या बायका आणि पुरुष, दोघांनी उचलला. पाणी आलं ते गढूळ. बाई ओंजळ भरून तेच प्यायल्या. मग ओंजळ माझ्यापुढे केली. "प्या, हिरेमठबाई. पोट बिघडलं तर माझ्या नावानं बोंब मारा." मी प्यायले. पोट बिघडलं नाही.

वाट कागदावर चढायला आणखी वर्ष गेलं. मालकाने अपील केलं, बाई तिथेही गेल्या. निकालाची प्रत हातात आल्यावर त्यांनी पहिल्यांदा त्या जुन्या नकाशावर पेन टेकवलं. खालच्या कोपऱ्यात, साहेबांच्या नावांखाली, स्वच्छ शाळकरी अक्षरात लिहिलं: तुकाराम वाघमारे, खलाशी. मुक्ता, पुढच्या कॉलला मी कॅमेरा जवळ नेते, नीट बघ.

शेवटच्या वर्षात त्या काठी घेऊन घराच्या व्हरांड्यात चालायच्या. मी गेले की सांगायच्या, "माझा मैल आता तिसाचा झाला. पण मैल तेवढाच हाय, हिरेमठबाई. तो कुणाच्या पायासाठी कमी होत न्हाय." एकदा त्यांनी मला चालायला लावून माझाही मोजला. सव्वीस. "बघा, भरात असताना माझा चोवीस होता. तुम्ही माझ्याहून बुटक्या," म्हणून खूश झाल्या. नकाशा आणि चंची त्यांनी तेव्हाच माझ्या हातात दिली.

त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी मी एकटी वाडीत जाऊन आले. तुमच्या आईला हे सांगू नका. देवळापासून झऱ्यापर्यंत माझे एकोणचाळीस चिंचोके आणि वर साठेक पावलं भरली. तार नाही, वाट उघडी आहे, आणि झऱ्याला पाणी आहे.