आधी इराची शाळा, मग आमचं घर

जानेवारीतल्या एका शनिवारी बोरिवलीतल्या एका हायस्कूलच्या ऑफिसबाहेर आम्ही तिघं बसलो होतो... मी, नवरा प्रसाद आणि आमची सातवीतली इरा. भरलेला फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. आणि शाळेपासून चार मिनिटांवरचा एक फ्लॅट जवळजवळ ठरला होता.

इराची अंधेरीतली शाळा सातवीपर्यंतच. भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंटही मे महिन्यात संपत होतं. म्हटलं, आधी चांगलं हायस्कूल शोधू, मग त्याच्या जवळ घर बघू. या शाळेचा दहावीचा निकाल एकदम झकास... ज्याला विचारावं तो हेच नाव घ्यायचा. फ्लॅटही छान होता, मोठी बाल्कनी, दुपारपर्यंत ऊन.

इराबद्दल एक सांगायला हवं. ती चार वर्षांची असल्यापासून तिच्या दोन्ही कानांत मशीन आहे. पण मार्क नेहमी चांगले, घरी बोलणंही स्पष्ट... त्यामुळे शाळेत सगळं नीट चाललंय असं आम्ही धरून चाललो होतो. ती घरी आली की मी विचारायचे, "आज सगळं कळलं ना?" ती म्हणायची, "हो." विषय संपला.

शाळेच्या पर्यवेक्षिका सावंतबाईंनी आत बोलावलं, फॉर्म वाचला. आता आमची मुलाखत होणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. पण बाई इराकडे वळल्या.

"आठवीचा तास चालू आहे. जाऊन बसतेस थोडा वेळ? बघ तरी, कसं वाटतंय ते."

मी दाराबाहेर उभी राहून बघत होते. वर्गात साठेक मुलं, डोक्यावर घरघरणारे पंखे, खिडकीखाली मेन रोड. इरा तिसऱ्या बाकावर ताठ बसली होती. शिकवणाऱ्या बाई काहीतरी म्हणाल्या, सगळा वर्ग हसला. इराही हसली... पण क्षणभर उशिरा. आजूबाजूला बघून.

पुन्हा तेच झालं. मग पुन्हा. मी तिला वर्गात बसलेली आजवर कधी बघितलंच नव्हतं, हे तिथे उभं असताना माझ्या लक्षात आलं.

ती परत आली तेव्हा सावंतबाईंनी विचारलं, "कळलं का गं?"

"हो. सगळं कळलं."

"छान. सोमवारी काय आणायला सांगितलंय मुलांना?"

इराने माझ्याकडे बघितलं, मग खाली.

"नाही ना ऐकू आलं?" बाई अगदी सहज म्हणाल्या. "त्या वर्गात ट्रॅफिक सुरू झाला की मलाही अर्धं ऐकू येत नाही. यात तुझी काही चूक नाही."

आणि मग इरा बोलली. "आत्ताच्या शाळेत पण नाही येत ऐकू... मागून कोणी बोललं तर काहीच नाही. मी घरी येऊन पुस्तकातून वाचते. आईला टेन्शन येईल म्हणून नाही सांगितलं."

प्रसाद नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. मला रडू नाही आलं... लाज वाटली. रोज एकच प्रश्न विचारत होते आणि तेच उत्तर घेऊन स्वयंपाकाला लागत होते.

सावंतबाई म्हणाल्या, "फॉर्म द्यायचा तर द्या, तिचे मार्क चांगले आहेत, अ‍ॅडमिशन होईल. पण इथे ही दिवसभर अंदाज बांधत बसेल. मुलुंड ईस्टला आतल्या गल्लीत एक लहान शाळा आहे. वर्गात पंचवीस-तीस मुलं, अशा मुलांसाठी वेगळ्या शिक्षिकाही आहेत. निकालाचे बॅनर वगैरे नाही लागत तिथे. पण एकदा हिला वर्गात बसवून बघा."

स्वतःच्या शाळेला नाही म्हणा, असं सांगणारं कोणी मला पहिल्यांदाच भेटलं.

पुढच्या शनिवारी मुलुंडला गेलो. इरा अर्धा तास वर्गात बसली आणि बाहेर आली तीच बोलत. "आई, त्यांच्या सायन्सच्या सरांनी ना बेडकाचा जोक सांगितला..." जिना उतरेपर्यंत तिने सरांचा आवाज काढून सगळा जोक सांगितला. जोक बेताचाच होता. पण पुस्तकात नसलेलं काहीतरी ती वर्गातून घेऊन आली होती.

शाळा ठरली. तिच्याजवळ घर मिळालं ते दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हॉलच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात. प्रसादला पवईचं ऑफिस तेवढंच लांब पडतं. माझं अंधेरीचं ऑफिस मात्र चांगलंच लांब गेलं.

"तुझी रोज वाट लागणार यार," प्रसाद म्हणाला.

"लागू दे."

"आणि ती बाल्कनी?"

"बाल्कनी काय शाळेत नेणार आहे ती?"

बोरिवलीच्या ब्रोकरला त्याच दिवशी नकार कळवला.

आता सहामाही जवळ आलीये. सावंतबाईंना मध्ये फोन केला होता. आभार कसे मानायचे तेच सुचेना... त्याच म्हणाल्या, "इराला द्या फोन, मला तिच्याशी बोलायचंय."

आणि परवा इरा खालमानेने डायरी घेऊन समोर उभी राहिली. वर्गशिक्षिकांचा लाल शाईत शेरा होता... 'तासाला शेजारच्या मुलीशी फार गप्पा मारते. पालकांनी समज द्यावी.'

मी दोनदा वाचला. मग खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

समज मात्र अजून दिलेली नाही.