राहिलो म्हणायचं नाही

आमच्या काकाजींइतका, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांइतका, पेपरवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या गोंदियात नव्हता. कोणत्या प्रांताचे लोक कसे, हे ते अग्रलेखाच्या पानावर वाचत अन् मग तशी माणसं शोधत फिरत. बंगाली माणूस जन्मतःच गायक, असं छापून आलं, तर त्यांनी रेल्वेच्या बंगाली डॉक्टरला गणपतीत गायला बसवलं. अर्धं भजन होईस्तोवर मंडप अर्धा रिकामा. काकाजी म्हणाले, "पेपर कायले खोटं बोलंल? डॉक्टरच अस्सल बंगाली नसंल."

मग पेपर आमच्यावरच उलटला. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, ते साल. पुण्याकडच्या कोण्या विद्वानानं लिहिलं, की झाडीतला, म्हणजे आमच्या गोंदियाकडचा, माणूस भात खातो अन् लोळतो. कामाचं विचारा, तर म्हणतो 'करून राहिलो', म्हणजे काम राहिलेलंच. आता 'करून राहिलो' म्हणजे आमचे हात चालू आहेत, हे त्याला कोण सांगणार? मी हसले. काकाजी त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या नणंदेला, शकुनला, बघायला पुण्याकडचेच लोक यायचे होते ना. मायबाप नसलेली पोर, काकाजींनीच वाढवलेली. मुलगा इकडे कालव्यावर ओव्हरसियर. त्याला ती पसंत होती, बापाचं मन तेवढं वळायचं होतं.

घरात हुकूम सुटला. राहिलो म्हणायचं नाही, भात दिसायचा नाही, कोणी टेकून बसायचं नाही. मी जन्मात पहिल्यांदा ज्वारीची भाकर थापली. "फुटून राहिली, काकाजी," म्हटलं, तर डोळे वटारले.

पाहुणे आले, जेवायला बसले. मुलाच्या वडिलांनी शकुनला विचारलं, "काय करत होतीस, बाळ?" पोरीनं तोंड उघडलं, काकाजींकडे पाहिलं, अन् मिटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

"हिला बोलता येतं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

काकाजींना घाम फुटला. "येते ना जी. बोलून राहिली ना ते," म्हणाले, अन् स्वतःचंच तोंड दाबलं.

"बोलायची राहिली?"

तेव्हा शकुनच बोलली. "भात रांधून राहिली होती जी, मांगच्या चुलीवर, लपवून. तुम्ही आळशी म्हणाल म्हणून काकाजी भेऊन राहिले."

गृहस्थांनी हातातला तुकडा ताटात ठेवला अन् म्हणाले, "मग आणा की तो भात. ही भाकरी काही दातांना ऐकत नाही."

लग्न झालं, पुढं जावयाची पुण्याकडे बदली झाली. शकुन माहेरपणाला आली, ती 'करतेय', 'येतेय' बोलत. काकाजींनी चार दिवस ते कौतुकानं ऐकलं. निघायच्या दिवशी गाडी हलली, तसे ते खिडकीला धरून चालू लागले. "पोरी, जाऊन राहिली म्हण ना एकदा."

तिनं पदर तोंडाला लावला. म्हणायचं राहिलंच.