लॅपटॉपच्या पाठीवर पडलेला हात

कोल्हारच्या रामहरी आबांनी स्वतःसाठी उभ्या जन्मात चार-सहा बैल घेतले असतील. पण दुसऱ्यांसाठी किती घेतले याची मोजदाद त्यांनाही नाही. घोडेगावच्या बाजारात आबा शिरले की व्यापारी घाईघाईनं बैलाच्या शिंगांवरचं तेल पुसायचे, असं लोक सांगत. आबाही तेच सांगत, जरा जास्तच वेळा.

त्यांची रीत ठरलेली. दात बघायचे, खूर बघायचे, चार पावलं चालवून बघायचं. सोबतच्या शेतकऱ्याला म्हणायचे, "हाड बघ बाबा, हाड. मांस काय, घरी चारून चढवू." आणि जनावर मनात भरलं की त्याच्या पाठीवर सपकन हात टाकायचे. हात पडला की सौदा पक्का. मग शेजारी कुणी त्याहून देखणा बैल निम्म्या किमतीत उभा केला तरी आबा मान वळवायचे नाहीत. चाळीस वर्षांत तो हात एकदाही मागं आला नव्हता.

पण बैलच राहिले नाहीत, तर हात टाकणार कुणावर? मुलानं, कल्याणनं, ट्रॅक्टर आणला तो आबांना न विचारता. फ्रिज आला तेव्हा आबा नुसतं एवढंच म्हणाले, "मला न्यायचं तरी." तर कल्याण म्हणतो कसा, "आबा, फ्रिजला काय दात असतात व्हय बघायला?" आबा दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. घरातली वस्तू आपल्या नजरेखालून न जाता आत येते, म्हणजे आपण आता घरात असून नसल्यासारखे, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

अशात कल्याणच्या मुलीनं, स्नेहलनं, गेमिंग लॅपटॉप घ्यायचं काढलं. पोरगी कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला, तिला गेम तयार करायला शिकायचं होतं. खेळायचेही होते, पण ते तिनं फक्त आबांना सांगितलं होतं. दहावीला आबांनी तिला एक कालवड दिली होती. तिची गाय झाली, आणि त्या गाईच्या दुधाचे पैसे पोरीनं पै न मोडता साठवले होते.

"आबा, नगरला चला माझ्याबरोबर. तुमच्याशिवाय घेणार नाही मी," ती म्हणाली.

झालं! आबांनी ठेवणीतलं धोतर काढलं, फेटा दोनदा बांधला.

एसटीत स्नेहल त्यांना समजावत होती. "आबा, त्यात ग्राफिक्स कार्ड असतं. पडद्यावरची चित्रं पळवतं ते. ते आत कायमचं बसवलेलं असतं, नंतर बदलता येत नाही. पडदाही आहे तोच राहतो. पण रॅम आणि साठवायची जागा नंतर वाढवता येते. मात्र आत त्यासाठी खाच मोकळी पाहिजे."

"रॅम म्हंजी?"

"एका वेळी किती कामं डोक्यात धरता येतात ते."

"आपल्या कल्याणला लई कमी बसवलीय मग."

स्नेहल एवढी हसली की कंडक्टर वळून बघायला लागला. आबांनी मांडीवर हात आपटला. "आलं ध्यानात. कार्ड म्हंजी हाड, रॅम म्हंजी मांस. हाड आज बघायचं, मांस घरी चढवायचं."

"तुमच्याकडूनच तर शिकले," ती म्हणाली. आबा पुढं राहुरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले, कारण डोळे जरा भरून आले होते आणि ते एसटीत दाखवायचं काही कारण नव्हतं.

दुकान राधाकृष्ण नावाच्या गोड बोलणाऱ्या माणसाचं. स्नेहल थेट पलीकडच्या फळीकडं गेली आणि एक काळा, जाडजूड, ओबडधोबड लॅपटॉप उलटा करून त्याच्या खालची अक्षरं वाचत बसली. आबांपुढं मात्र राधाकृष्णनं एक लाल लॅपटॉप उघडला. अहाहा! बटणांखालून निळे-हिरवे-जांभळे दिवे धावायला लागले. अंग कसं पातळ, झाकण कसं तुकतुकीत. आबांनी उचलून वजन पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला, कान लावून पंख्याचा श्वास ऐकला. व्यापाऱ्यानं शिंगांना तेल लावलंय हे जन्मभर ओळखणारा माणूस. पण सात-आठ वर्षांनी कुणीतरी पुन्हा परीक्षेला बोलावलं होतं, त्या आनंदात भान सुटलं. आणि आबांचा हात, जुन्या सवयीचा, त्या लाल पाठीवर सपकन पडला.

"पडला हात!" राधाकृष्ण ओरडलाच. "बाबा, तुम्ही बैलबाजारातले ना? शेवगावचे बैलांचे व्यापारी भिमाजी माझे वडील. लहानपणापासून बघतोय मी असा हात पडताना."

"भिमाजी? कानात बाळी, बोलताना तोंडात तंबाखू? त्याचा पोरगा तू?"

"तोच. आणि तुम्ही?"

"कोल्हारचा रामहरी."

राधाकृष्णनं चक्क हात जोडले. "रामहरी आबांचा हात पडला म्हणजे विषयच संपला. वडिलांना आजच सांगतो." आणि तो खोकं काढायलाच लागला.

स्नेहल धावत आली. तिनं लाल लॅपटॉप उलटा केला, वाचला, आणि तिचा चेहरा पडला. मग तिनं एकदा आबांकडं पाहिलं, एकदा त्यांच्या हाताकडं. तिला त्या हाताची सगळी गोष्ट पाठ होती.

"छान आहे, आबा," ती म्हणाली. "हाच घेऊ."

लहानपणी ताटात कारलं वाढलं की ही पोरगी अशीच 'छान आहे' म्हणायची आणि घोट घोट पाण्याबरोबर गिळायची. आबांना हे ठाऊक नाही तर कुणाला?

"स्नेहल, खरं सांग. ह्याचं हाड कसं हाय?"

ती हळूच म्हणाली, "बारीक आहे. कार्ड जुनं आहे, कमी ताकदीचं."

"आन् मांस?"

"चढणार नाही. रॅम आतच चिकटवलीय, दुसरी बसवायला खाचच नाही. पण राहू दे ना, आबा. मी भागवेन."

आबा खुर्चीवर बसले. लाज वाटली त्यांना, उघड सांगायचं तर लई लाज वाटली. दुसऱ्यांना जन्मभर हाड बघा म्हणून सांगितलं आणि स्वतः कातडीवर भाळले. आता हात मागं घ्यायचा तर भिमाजीच्या पोरासमोर, म्हणजे उद्या शेवगावभर. न घ्यायचा तर ही पोरगी चार वर्षं रोज त्या लाल खोक्यापुढं बसून 'छान आहे' म्हणणार.

आबा उठले. "राधाकृष्ण, खोकं ठेव. मी हात मागं घेतो."

"आबा! तुम्ही?" राधाकृष्णला खरंच धक्का बसला. त्यानं तिथल्या तिथं वडिलांना फोन लावला. पलीकडून भिमाजीचा आवाज दुकानभर घुमला, "काहीतरीच सांगू नको. रामहरी जीव देईल, हात मागं घ्यायचा न्हाई!"

आबांनी फोन मागून घेतला. "भिमाजी, रामहरी बोलतोय. घेतला रं मागं. माझी चूक झाली. नात बरोबर हुती, तिला कळलं."

भिमाजी म्हणाला, "एवढी हुशार हाय?"

"तुला न् मला इकून यील."

भिमाजी असा खदखदून हसला की राधाकृष्णलाही हसू आवरेना. त्यानं लाल लॅपटॉप बाजूला सारला आणि तो काळा, ओबडधोबड पुढं आणला. बोजड दिसायचा, पण हवा जायला खालून-मागून मोठाल्या फटी, कार्ड नवं, रॅमसाठी एक खाच भरलेली, एक मोकळी.

"ही मोकळी कधी भरायची?" आबांनी विचारलं.

"दिवाळीला. पहिल्यासारखीच दुसरी आणायची. दोन्ही सारख्या असल्या की काम पळतं."

"जोडी सारखी लागती, ते तरी मला शिकवू नको." मग आबा मागं सरकले. "टाक हात."

"मी?"

"मग काय मी? माझा आज एकदा पडलाय."

स्नेहलनं बिचकत, नुसती बोटं टेकवावीत तसा हात ठेवला. "आगं, जनावर पसंत केलंय का त्याला ताप आलाय का बघतीस? नीट टाक!" तशी तिनं सपकन टाकला. दुकानात लॅपटॉपचे पडदे पुसणारा माणूससुद्धा वळून बघायला लागला.

घरी कल्याणनं खोकं उघडून विचारलं, "आबा, नीट बघितला ना तुम्ही?"

"मी बघितला तो परत ठिवला. हा तिनं बघितला," आबा म्हणाले आणि दोन घास जास्त जेवले.

महिन्याभरानं गावातला सहादेव दारात आला. त्याच्या मुलीला लॅपटॉप घ्यायचा होता. "आबा, नगरला येता का? शेवगावच्या भिमाजीकडून कळलं, तुमच्या घरात पारख हाय."

आबांनी खुंटीवरचा फेटा काढला, झटकला, आणि आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "स्नेहल, आवर लवकर. तुला बोलावणं आलंय. मी येतो बरोबर, पिशवी धरायला."